सपाता ऑर्किड: बर्फात झोपणारं, दहा-पंधरा वर्षं वाट पाहायला लावणारं फूल
पाकिटातल्या बियांनी ते का उगवत नाही, थंड देशांतले लोक ते कसं लावतात आणि आपल्या डोंगरातल्या ऑर्किडशी त्याचं नातं काय? सविस्तर माहिती

मोबाइलवर फुलांचे फोटो सतत फिरत असतात. त्यात एक फूल हमखास नजरेत भरतं. खाली पिवळीधमक फुगीर पिशवी, वर तपकिरी रंगाच्या पीळ पडलेल्या पाकळ्या. एखाद्या आजीच्या कमरेचा बटवा देठाला टांगावा तसं दिसतं. इंग्रजीत याला 'लेडीज स्लिपर' म्हणतात, म्हणजे बाईसाहेबांची सपाता. फोटोखाली कधी कधी 'दुर्मिळ ऑर्किडचे बी मिळेल' असंही लिहिलेलं असतं आणि किंमतही दिलेली असते.

फूल खरं आहे. पण बी पेरून ते अंगणात उगवेल, ही गोष्ट खरी नाही. असं का, हे समजायचं असेल तर हे झाड जगतं कसं ते आधी पाहावं लागेल. ते कळलं की आपल्या आंब्याच्या फांदीवरच्या आणि माळावरच्या ऑर्किडकडेही माणूस वेगळ्या नजरेनं पाहायला लागतो.

हे ऑर्किड नेमकं कोणतं?

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. जगात ऑर्किडच्या हजारो जाती आहेत. त्यातल्या ज्यांच्या खालच्या पाकळीची पिशवी झालेली असते, त्या सगळ्या सपाता ऑर्किड. त्यांचेही वेगवेगळे गट आहेत. त्यातले दोन लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिला गट सिप्रिपेडियम. हा थंड प्रदेशातला. युरोप, उत्तर अमेरिका, चीन, जपान, सायबेरिया आणि हिमालयात हा आढळतो. यात सुमारे ५० जाती आहेत. ही झाडं बर्फ सहन करतात, म्हणून बागवाले यांना काटक म्हणतात. हिवाळ्यात जमिनीवर काहीच दिसत नाही. वसंतात कोंब येतो, फूल येतं आणि थंडी पडायच्या आत पानं पिवळी होऊन वाळतात.

दुसरा गट पॅफिओपेडिलम. हा उष्ण आणि दमट जंगलातला. भारतात ईशान्येकडे आणि दक्षिणेत हा सापडतो. याची पानं वर्षभर हिरवी असतात, बर्फ याला सोसत नाही.

सिप्रिपेडियम हे नाव कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ मध्ये दिलं. ग्रीक लोकांच्या प्रेमदेवतेचं एक नाव आणि ग्रीक भाषेतला वहाणेचा शब्द जोडून ते तयार झालं आहे. म्हणजे हे देवीचं पादत्राण झालं.

पिशवी कशासाठी? मधमाशीला फसवायला

ही पिशवी नुसती शोभेची नाही. तो एक सापळा आहे, पण जीव न घेणारा. युरोपातल्या पिवळ्या सपाता ऑर्किडमध्ये तो कसा चालतो ते पाहू.

फुलाचा रंग आणि वास पाहून जमिनीत बीळ करून राहणारी छोटी मधमाशी येते. पिशवीच्या तोंडाची कड आत वळलेली आणि गुळगुळीत असते. माशी घसरून आत पडते. आत मध नाहीच. ज्या वाटेनं आली त्या वाटेनं वर चढता येत नाही. मागच्या बाजूला मात्र पाय रोवायला बारीक केस असतात आणि तिकडूनच थोडा उजेड आत येतो. माशी उजेडाच्या दिशेनं चढते. वाटेत आधी स्त्रीकेसराला तिची पाठ घासते. दुसऱ्या फुलातून आणलेला पराग तिथं लागतो. मग देठाजवळच्या दोन अरुंद भोकांपैकी एकातून ती बाहेर पडते. बाहेर पडताना या फुलाचा चिकट पराग पाठीवर बसतो.

आधी आणलेला माल उतरवायचा, मग नवा भरायचा, असा हा क्रम आहे. त्यामुळे फुलाचा स्वतःचाच पराग स्वतःला लागत नाही.

यात अडचण एकच. माशी योग्य मापाचीच लागते. लहान असेल तर परागाला न शिवता निसटते, मोठी असेल तर अडकते. शिवाय मध मिळत नाही हे कळल्यावर माशी परत यायला तयार नसते. त्यामुळे बहुतेक फुलांना बोंड धरतच नाही. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर फुलगळ जबरदस्त.

बी धुळीसारखं, शिदोरी शून्य

एखादं बोंड धरलंच, तर त्यात हजारो बिया असतात. पण एकेक बी म्हणजे धुळीचा कण. ज्वारीच्या, हरभऱ्याच्या दाण्यात कोंबाला सुरुवातीला पुरेल एवढं अन्न भरलेलं असतं. ऑर्किडच्या बीमध्ये ही शिदोरी नसते.

मग ते उगवतं कसं? जमिनीत एक खास प्रकारची बुरशी असते. तिचे धागे बीमध्ये शिरतात आणि बी त्या बुरशीकडून अन्न घेतं. ती बुरशी भेटली तर कोंब, नाही तर बी मरतं. १८९९ मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं ऑर्किडच्या बीला बुरशी लागते हे दाखवून दिलं. १९२२ मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसन यांनी काचेच्या नळीत साखर आणि क्षार घातलेल्या माध्यमावर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं. आज बाजारात दिसणारी ऑर्किडची बहुतेक रोपं या ना त्या प्रकारे प्रयोगशाळेतूनच येतात.

म्हणून पाकिटातलं ऑर्किडचं बी कुंडीतल्या मातीत टाकून उपयोग नाही. माती कितीही भारी घ्या, शेणखत कितीही घाला. जंतुविरहित बाटली आणि माध्यम नसेल तर कोंब येणार नाही. पाकिटात बहुधा ऑर्किडचं बीही नसतं.

रानात बी रुजल्यावरही घाई नाही. सुरुवातीचा काळ रोप जमिनीच्या आतच असतं. वर हिरवं पान दिसायलाच वर्षं जातात. पहिलं फूल यायला आणखी कितीतरी वर्षं.

जमिनीखालचं वर्ष

या झाडाचा खरा जीव वर दिसणाऱ्या फुलात नसून खालच्या गड्ड्यात असतो. हळदीसारखा आडवा वाढणारा गड्डा, त्याला चारी बाजूंनी पसरलेली दोरीसारखी मुळं. गड्ड्याच्या टोकाला पुढच्या वर्षीचा डोळा असतो. तो आदल्या शरद ऋतूतच तयार झालेला असतो. म्हणजे यंदा दिसणारं फूल मागच्या वर्षीच्या पानांनी कमावलेलं असतं.

त्यामुळे फूल तोडताना कुणी पानांसकट दांडा ओरबाडला, तर त्याचं नुकसान पुढच्या वर्षीही होतं. गड्डाच उपटला तर झाड बहुधा जगत नाही. मुळं तुटतात, बुरशीची साथ सुटते. नेणाऱ्याच्या बागेत ते साठवलेल्या अन्नावर एखादं वर्ष तगतं आणि मग संपतं. उपटणाऱ्याला वाटतं आपण झाड नेलं. प्रत्यक्षात त्यानं ते मारलेलं असतं, फक्त मरायला वेळ लागतो.

आणखी एक गरज म्हणजे थंडी. दोन-तीन महिने शून्य ते पाच अंशांच्या आसपास गारठा मिळाला तरच डोळा नीट जागा होतो. थंडी कमी पडली की कोंब कमजोर येतो आणि झाड दरवर्षी खंगत जातं.

इंग्लंडमध्ये उरलं होतं एकच झाड

या फुलावर लोकांनी किती प्रेम केलं आणि त्या प्रेमानं त्याची काय दशा झाली, हे इंग्लंडमध्ये पाहायला मिळतं.

उत्तर इंग्लंडच्या चुनखडीच्या डोंगरांत पिवळं सपाता ऑर्किड पूर्वी बऱ्यापैकी होतं. लोकांनी फुलं तोडली, बाजारात नेली, बागांसाठी गड्डे उपटले. राणी व्हिक्टोरियाच्या काळात तर ऑर्किड जमवण्याचं वेडच होतं. जंगलतोड आणि चराई यांचाही हात होताच. १९१७ साली हे फूल ब्रिटनमधून संपलं असं जाहीर झालं.

पुढे १९३० मध्ये यॉर्कशायरच्या डोंगरात एक झाड सापडलं. फक्त एक. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी जागा गुप्त ठेवली. पुढची कित्येक वर्षं फुलायच्या दिवसांत तिथं राखण बसायची. आपल्याकडे हुरड्याला आलेली ज्वारी राखतात, तशी तिकडे माणसं एका फुलाला राखत होती.

नुसती राखण करून झाड वाढेना, कारण एकट्या झाडाला जोडीदार कुठून मिळणार? मग हातानं परागीकरण करून बी धरवलं गेलं. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात १९८३ पासून ब्रिटनमधल्या दुर्मिळ ऑर्किडची रोपं प्रयोगशाळेत तयार करायचं काम सुरू झालं, त्यात हेही घेतलं. रोपं बाटलीतून कुंडीत, कुंडीतून डोंगरात गेली. बरीच मेली. काही गोगलगायींनी खाल्ली. परत लावलेल्या रोपावर पहिलं फूल दिसायला २००० साल उजाडलं.

आज लँकेशायर परगण्यातल्या गेट बॅरोज या राखीव क्षेत्रात लोकांना ही फुलं मे-जूनमध्ये पायवाटेवरून पाहता येतात. पण धोका गेला नाही. त्याच भागातल्या एका गोल्फ मैदानावरच्या जुन्या झाडाला २०१० मध्ये पोलिसांची गस्त लावावी लागली, कारण त्याआधी चोरांनी त्याचा भाग कापून नेला होता. एका फुलझाडासाठी पोलीस, हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण ज्यांनी एकाच झाडापासून पुन्हा सुरुवात केली, त्यांना त्याची किंमत माहीत आहे.

अमेरिकेत राज्यफुलाचा मान

आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल ताम्हण, तसं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचं राज्यफूल गुलाबी-पांढरं सपाता ऑर्किड आहे. हा मान त्याला १९०२ मध्ये मिळाला. हे ओलसर दलदलीच्या कडेला वाढतं आणि तीन फुटांपर्यंत उंच होतं. बीपासून पहिलं फूल यायला याला १६ वर्षांपर्यंत वेळ लागू शकतो. पण एकदा जम बसला की झाड ५० वर्षांहून जास्त जगतं. १९२५ पासून तिथं हे फूल तोडायला आणि झाड उपटायला कायद्यानं बंदी आहे.

सोळा वर्षं म्हणजे एखादं पोर जन्मून दहावी होईपर्यंतचा काळ. तेवढ्या वाढीला एका झटक्यात उपटायला मिनिटही लागत नाही.

या जातीच्या पानांवर, दांड्यावर बारीक केस असतात. काही माणसांच्या कातडीला ते लागले की खाज सुटते, चट्टे येतात. त्यामुळे हात न लावणं झाडालाही बरं आणि माणसालाही.

थंड देशांतले हौशी लोक हे कसं लावतात?

युरोप-अमेरिकेतले बागवाले आता रानातून आणलेलं झाड घेत नाहीत, निदान जाणते तरी नाहीत. प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं मिळतात आणि दोन जातींचा संकर केलेली रोपं तर मूळ जातींपेक्षा सोपी असतात. 'गिसेला' आणि 'उल्ला सिल्केन्स' ही त्यातली प्रसिद्ध नावं. त्यांची पद्धत अशी:

• रोप: बोंड हिरवं असतानाच आतलं बी काढून बाटलीत रुजवतात आणि बाटल्या अंधारात ठेवतात. तयार झालेली छोटी रोपं फ्रिजमध्ये साधारण तीन महिने गार ठेवतात, म्हणजे त्यांचा एक हिवाळा होतो. मग मातीत लावतात. तिथून फुलापर्यंत आणखी चार-पाच वर्षं.

• जागा: सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली. पानगळ होणाऱ्या झाडाखालची जागा चांगली. भर दुपारच्या उन्हात पानं करपतात.

• माती: हलकी आणि निचऱ्याची. पर्लाइट, प्युमिस दगडाची खडी, जाड वाळू आणि थोडी कुजलेल्या पानांची माती. काळी चिकट माती अजिबात नाही. युरोपातल्या पिवळ्या जातीला चुनखडीची जमीन मानवते. अमेरिकेतल्या एका गुलाबी जातीला मात्र आम्ल जमीनच लागते, म्हणून ती बागेत फार थोड्यांना साधते.

• लावण: पानं वाळल्यावर, म्हणजे शरद ऋतूत. खड्डा उथळ पण रुंद घेतात. मुळं कोळ्याच्या पायांसारखी चारी बाजूंना पसरवतात. डोळा वर ठेवून त्यावर दोन-तीन सेंटिमीटर माती टाकतात. खोल गाडलं की डोळा कुजतो.

• पाणी: ओल कायम हवी, पाणी साचलेलं चालत नाही. वाढीच्या काळात सुकू देत नाहीत.

• खत: नावापुरतं. वसंतात, नेहमीच्या मात्रेच्या निम्म्याहून कमी. जास्त खतानं मुळं जळतात.

• राखण: गोगलगाय हा मोठा शत्रू. कोंब वर आल्यावर उशिरा पडणाऱ्या हिमापासून तो झाकावा लागतो.

• पानं: फूल सुकलं तरी पानं कापत नाहीत. ती आपोआप पिवळी पडेपर्यंत पुढच्या वर्षाची कमाई चालू असते.

• विभागणी: झुबका चांगला मोठा झाल्यावरच, कित्येक वर्षांनी, गड्डा वेगळा करतात. घाई केली की दोन्ही तुकडे फूल द्यायचे थांबतात.

एवढं सगळं करून वर्षाकाठी फूल किती दिवस? बहुतेक जातींचं दोन-तीन आठवडे. हौशी लोक तेवढ्यासाठीच वर्षभर राबतात. आपल्याकडे हापूसचा मोहोर राखणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

भारतात कुठे पाहायला मिळतं?

काटक सपाता ऑर्किड आपल्या देशातही आहे, पण हिमालयात. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड ते सिक्कीमपर्यंत त्याच्या काही जाती उंच डोंगरांत, देवदार-भूर्जाच्या रानाच्या कडेला आणि कुरणांत आढळतात. एका जातीची पिशवी पांढरी आणि वरच्या पाकळ्या हिरवट असतात. सिक्कीमकडे सापडणारी एक जात गर्द जांभळट तांबडी आहे.

बद्रीनाथ किंवा हेमकुंडला जाणाऱ्यांच्या वाटेवर उत्तराखंडचं व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान लागतं. २००५ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथल्या फुलांतही या गटाच्या जातींची नोंद आहे. बर्फ वितळल्यावर जून-जुलैत ती फुलतात. महाराष्ट्रातून दरवर्षी यात्रेला, ट्रेकिंगला लोक जातात. त्यांना खाली वाकून पाहिलं तर नशिबानं दिसू शकतं.

उष्ण प्रदेशातल्या पॅफिओपेडिलम गटाची एक जात आपल्या सह्याद्रीशीही नातं सांगते. सह्याद्रीची रांग तापीच्या दक्षिणेकडून निघून थेट कन्याकुमारीजवळ संपते. या दक्षिण टोकाला, केरळ-तामिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलाई डोंगरांत, पिवळ्या पाकळ्यांवर मधोमध तपकिरी पट्टा असलेलं सपाता ऑर्किड आहे. दक्षिण भारतातलं हे एकमेव सपाता ऑर्किड. एकोणिसाव्या शतकात ड्रुरी नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या नावावरून त्याचं नाव पडलं. पुढे जमवणाऱ्यांनी ते इतकं ओरबाडलं की आज ते नष्ट होण्याच्या काठावर आहे. तिरुवनंतपुरमजवळच्या पालोड इथल्या वनस्पती उद्यान संस्थेनं प्रयोगशाळेत रोपं करून ती जंगलात परत लावण्याचं काम केलं.

ईशान्येकडच्या एका जातीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८५७ मध्ये ती इंग्लंडात पोचली. नंतर तिथली झाडं मेली आणि मूळ जागा कुणालाच सापडेना. सँडर नावाच्या ऑर्किड व्यापाऱ्यानं शोधणाऱ्याला १००० पौंडांचं बक्षीस लावलं. १९०५ च्या सुमाराला पूर्व हिमालयात ती पुन्हा सापडली. लोक आजही तिला 'हरवलेलं ऑर्किड' म्हणतात.

ऑर्किडवर काम करणारं केंद्र सरकारचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सिक्कीममध्ये पाक्योंगला आहे. ते १९९६ मध्ये सुरू झालं.

महाराष्ट्रात लावता येईल का?

सरळ उत्तर: थंड प्रदेशातलं सिप्रिपेडियम, नाही. महाबळेश्वरात कधीमधी दवबिंदू गोठतात, त्याच्या बातम्या होतात. पण ती थंडी मोजक्या पहाटेपुरती. या झाडाला सलग दोन-तीन महिने लागतात. काही हौशी लोक गड्डा हिवाळाभर फ्रिजमध्ये ठेवून प्रयोग करतात. पण थंडीचं जमवलं तरी आपला एप्रिल-मे त्याला सोसत नाही. पैसे घालून झाड मारण्यातला हा प्रकार आहे.

ज्यांना ऑर्किडच करायचं आहे त्यांच्यासाठी डेंड्रोबियम आहे. आपल्या राज्यात काही शेतकरी शेडनेटमध्ये नारळाच्या सोडणावर, कोळशावर ते घेतात. त्याला उष्ण दमट हवा चालते. अर्थात त्यातही रोपं टिश्यूकल्चरचीच घ्यावी लागतात, आणि आधी बाजार पाहूनच पैसे गुंतवावेत.

कायदा काय सांगतो?

पॅफिओपेडिलम गटातली सपाता ऑर्किड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित वनस्पतींच्या यादीत आहेत. जंगलातून ती उपटणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. लागवडीलाही परवाना लागतो. देशादेशांतल्या व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. पॅफिओपेडिलम त्याच्या सर्वात कडक यादीत आहे आणि सिप्रिपेडियमच्या व्यापारालाही परवाना लागतो. त्यामुळे परदेशातून कुरिअरनं गड्डे मागवणं म्हणजे पैसेही जाण्याची आणि कायद्यात अडकण्याचीही शक्यता.

आपल्या बांधावरचं ऑर्किड

सपाता ऑर्किड आपल्याकडे नाही, पण त्याची भावंडं पुष्कळ आहेत. कास पठारावर आणि सह्याद्रीच्या माळांवर पावसाळ्यात पांढरी, हिरवट आमरी फुलते. तिचाही जीव जमिनीखालच्या कंदात. फरक एवढाच की हिमालयातलं ऑर्किड थंडीत झोपतं आणि आपलं उन्हाळ्यात. मृगाचा पाऊस पडला की कोंब, श्रावण-भाद्रपदात फूल, दिवाळीनंतर वर काहीच नाही. उन्हाळ्यात त्या माळावर जेसीबी फिरवणाऱ्याला खाली काय आहे याचा पत्ताही लागत नाही.

आंबा, जांभूळ, ऐन यांच्या फांद्यांवर वाढणारी सीतेची वेणी ही दुसरी. बरेच जण तिला बांडगूळ समजून कोयत्यानं तासून टाकतात. हा गैरसमज आहे. बांडगुळाची मुळं फांदीत शिरून रस ओढतात, ते काढायलाच हवं. सीतेची वेणी फांदीला फक्त धरून बसते. पाऊस, हवा आणि सालीवरच्या कचऱ्यावर ती जगते. झाडाचा रस घेत नाही. ओळखायची खूण सोपी: बांडगूळ फांदीशी एकजीव झालेलं असतं, ऑर्किडची जाड पांढुरकी मुळं सालीवरून पसरलेली दिसतात.

काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा सालमपंजा हासुद्धा हिमालयातल्या एका ऑर्किडचाच कंद. हाताच्या पंजासारखा दिसतो म्हणून ते नाव. तो खणून काढला की झाड संपलं. अति खणल्यामुळे तेही आता धोक्यात आलं आहे.

फूल पाहायला जाताना

डोंगरात, पठारावर फूल दिसलं तर पायवाट सोडू नये. फुलाच्या आसपास अजून न फुललेली रोपं असतात, ती पायाखाली जातात. फोटो जरूर काढावा, पण दुर्मिळ झाडाची नेमकी जागा सगळ्यांना कळेल असं टाकू नये. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप जाते, ती कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून बंद करता येते. इंग्लंडमध्ये लोकांनी एका झाडाचा पत्ता वर्षानुवर्षं पोटात ठेवला म्हणून ते वाचलं.

थोडक्यात

• सपाता ऑर्किडचे दोन मुख्य गट: थंड प्रदेशातलं सिप्रिपेडियम आणि उष्ण प्रदेशातलं पॅफिओपेडिलम.
• बीला बुरशी किंवा प्रयोगशाळा लागते. पाकिटातलं बी मातीत उगवत नाही.
• सिप्रिपेडियमला सलग दोन-तीन महिने कडक थंडी हवी. महाराष्ट्रात ते टिकत नाही.
• रानात पहिलं फूल यायला १६ वर्षांपर्यंत लागू शकतात.
• रानातून उपटलेलं झाड बहुधा मरतं. पॅफिओपेडिलमच्या बाबतीत तो गुन्हाही आहे.
• आंब्यावरची सीतेची वेणी बांडगूळ नाही. छाटणी करताना ती राहू द्यावी. मे-जूनमध्ये फुलाचे गुलाबी-पांढरे घोस लोंबले की ठेवल्याचं चीज होतं.